मिशीखालचं नाव

कोर्टातल्या खिडकीमागच्या बाईंनी नाव पुकारलं तेव्हा मी शिशाच्या कारखान्याच्या धुराड्याकडे बघत होते. धूर आज नदीच्या बाजूला जात होता, म्हणजे दोरीवरचे कपडे वाचले, एवढाच विचार डोक्यात होता. बाईंनी पुन्हा पुकारलं, "नाझमिये!" कोण ही बया, ओ का देत नाही, असं मी मनात म्हटलं आणि रांगेतल्या बाकीच्यांसारखं मीही मान वळवून मागे बघितलं. तेव्हा पाठीमागच्या म्हातारीने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "अगं, तुलाच गं. मघाशी तूच नाही का सांगितलंस मला? पाच वर्षं नावासाठी रडलीस आणि आता ओ द्यायला लाजतेस होय?" रांगेत दोघंतिघं हसले. मीही हसले. पण पंचवीस वर्षं ज्या नावाला मी झोपेतही ओ दिली, ते नाव माझ्या कानावरून दुसऱ्या कुणाचं असावं तसं निघून गेलं होतं. एखादं घर पाच वर्षं बंद ठेवलं की आतले लोक हाकेला उत्तर देत नाहीत, तसं काहीतरी. आणि 'नेवेना' म्हणून हाक आली असती, तर मी धुराडं सोडून ताडकन वळले असते, हेही मला त्याच क्षणी कळून चुकलं.

खिडकीमागच्या बाई वाईट नव्हत्या. केस मेंदीने लाल केलेले, चष्म्याला दोरी, टेबलावर अर्धी खाल्लेली चीजची बानित्सा. "हं, कॉम्रेड... म्हणजे, बाईसाहेब," त्या म्हणाल्या. हल्ली सगळ्यांचीच जीभ या उंबरठ्यावर अडखळते. कॉम्रेड म्हणावं तर जुनाट वाटतं आणि बाईसाहेब म्हणावं तर समोरच्याच्या फाटक्या चपला दिसतात. "तुमचं झालं. नवऱ्याचं, बोयानचं पुन्हा बेहान, तेही झालं. मुलीचं काय? रालित्सा. शहाऐंशी सालचा जन्म. म्हणजे तिला आधीचं नाव नाहीच. हेच ठेवायचं ना?"

"नाही. तिला आधीचं नाव आहे," मी म्हटलं.

"मग सांगा."

"मला ठाऊक नाही."

बाईंनी चष्मा काढून छातीवर सोडला. "आईला ठाऊक नाही?" त्यांनी आवाज चढवला नव्हता, तरी मागची सगळी रांग कान टवकारून पुढे सरकली. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जेवणाच्या सुट्टीनंतर या, नाहीतर उद्या या. वर्षअखेरपर्यंत वेळ आहे. घरी विचारून घ्या."

घरी विचारून घ्या. त्यांना काय ठाऊक, की ज्यांना विचारायचं ते जानेवारीतच तिकडे तुर्कस्तानात, बुर्साच्या थंड मातीत जाऊन निजले. मी कागद गोळा केले आणि बाहेर आले. उन्हात लिंडनच्या झाडांना पालवी फुटली होती. भिंतीभिंतींवर निवडणुकीची चित्रं, लाल, निळी, एकावर एक चिकटवलेली. चौकात कुणीतरी कर्ण्यातून सांगत होतं की आता आपण माणसं झालो. मी पोस्टाकडे चालू लागले. बुर्साला शाबानदादाला फोन लावायचा, एवढंच सुचलं. त्याला मी आधीही विचारलं होतं. पण हरवलेली वस्तू माणूस त्याच खणात पुन्हापुन्हा शोधतो.

माझे बाबा, मुमून, न्हावी होते. बाजारातल्या सहकारी दुकानात दुसऱ्या खुर्चीवर त्यांनी उभा जन्म काढला. न्हावी आणि तोही बोलका. अख्ख्या कर्जाली शहराची लग्नं, भांडणं, शेळ्यामेंढ्या त्यांच्या कात्रीच्या कचकचीबरोबर चालायच्या. आणि मिशी अशी, की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघायच्या ऐवजी तिच्याकडेच बघत बसायचं. मग पंच्याऐंशीचा तो जानेवारी आला. बर्फ गुडघाभर पडलेलं. आधी खेड्यापाड्यांतून, मग शहरातून, लोकांना घरातून, कारखान्यातून बोलावून नेलं आणि सांगितलं की तुम्ही तुर्क नाहीच, तुम्हाला तसं वाटतंय एवढंच. टेबलावर नावांची यादी असायची. बल्गेरियन नावं. हॉटेलात जेवण निवडावं तसं एक निवडायचं. मिलिशियाच्या एका पोरगेल्या पोलिसाने मला यादी पुढे सरकवली आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "ताई, नेवेना घ्या. फुलाचं नाव आहे." मी घेतलं. काय करणार होते? शेजारच्या टेबलाशी बाबा उभे होते. त्यांना वाचता येत होतं, तरी म्हणाले, "वाचता येत नाही, तुम्हीच द्या." त्यांना मिखाइल मिळालं. दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांच्या खुर्चीवरची पाटी बदलली आणि त्या दिवसापासून बाबांनी बोलणं बंद केलं. रस्त्यात तुर्की बोललं की दंड, आणि बाबांचं बल्गेरियन दाढी, केस, मान वर करा, एवढ्यावर संपायचं. पुढे कधीतरी हसून मला म्हणाले होते, "गप्प न्हाव्याकडे कुणी फिरकत नाही म्हणतात. माझी गिऱ्हाइकं दुप्पट झाली, पोरी. सगळ्यांनाच गप्प बसायला जागा पाहिजे होती."

पुढच्या फेब्रुवारीत माझी मुलगी झाली. प्रसूतिगृहातच यादी पुढे आली, मी 'रालित्सा'वर बोट ठेवलं. घरी आल्यावर सातव्या दिवशी बाबा आले. कोटाच्या आत माझ्या वारलेल्या आईचा हिरवा रुमाल. आमच्यात मूल झालं की घरातला वडीलधारा त्याला काब्याकडे तोंड करून हातावर घेतो, उजव्या कानात अजान म्हणतो आणि मग तीनदा नाव सांगतो. ते नाव कानातून आत जातं आणि मरेपर्यंत तिथेच राहतं, कयामतीला माणसाला त्याच नावाने हाक मारतात. पण आमच्या इमारतीच्या भिंती अशा, की वरच्या मजल्यावरचा माणूस शिंकला तर खालच्याने सदिच्छा द्याव्यात. बाबांनी बाळाला उचललं, न्हाणीघरात गेले, आतून कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. मी ओली बाळंतीण, दाराबाहेर उभी. पाण्याचा आवाज, पाईपांचं घुरघुरणं, आणि त्याच्या खाली कुठेतरी बाबांचा आवाज चालला आहे, एवढंच कळत होतं. दाराला कान लावला. पाणीच ऐकू आलं. नळ बंद झाला, बाबा बाहेर आले. त्यांची मिशी ओली होती, डोळेही. बाळ शांत होतं, डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत होतं.

"काय ठेवलंत?" मी विचारलं.

"ठेवलंय. चांगलं ठेवलंय."

"अहो बाबा, पण काय?"

"तुला सांगणार नाही."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. बेहानही हसला. बाबा मात्र टेबलाशी बसले आणि बोट वर करून, हळू आवाजात, वर्षभरात बोलले नसतील एवढं एका दमात बोलले. खालच्या आळीतल्या एका जोडप्याचं उदाहरण दिलं. त्यांचा पोरगा तीन वर्षांचा. बालवाडीत बाईंनी नाव विचारलं तर त्याने घरातलं नाव सांगितलं. महिन्याभरात बापाची बदली उत्तरेत, जिथे ओळखीचं कुत्रंही नाही. "पोर बोलणारच. त्याला काय कळतंय? आणि तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, नाझमिये, लहानपणापासून. बरं, तू नाही बोललीस असं धरू. पण पोरीला ताप चढेल, ती जिन्यावरून पडेल, तेव्हा आईच्या तोंडून खरं नाव निसटतंच. तुझ्या आईच्या तोंडूनही असंच मनातलं निसटायचं. म्हणून ते माझ्याजवळ राहू दे. एक मी, एक देव. दिवस बदलले की देईन. जपून ठेवलेलं कुठे जातं?"

मला राग आला होता, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं होतं. जे ठाऊकच नाही ते निसटणार कसं? आणि बाबांचं खरंही निघालं. राली दोन वर्षांची असताना खुर्चीवरून पडली, भुवई फुटली, रक्ताने चेहरा भरला. मी जी किंकाळी फोडली ती "राली!" अशीच होती. दवाखान्यात टाके घालताना मी तिचा हात धरून तेच पुटपुटत होते, राली, राली, माझी राली. मध्येच वाटलं, मी हाक मारत्येय ती कुणा दुसऱ्याच मुलीला, आणि माझी मुलगी आत कुठेतरी, तिच्या खऱ्या नावाने कुणी हाक मारतंय का याची वाट बघत बसली आहे. पण राली रडत माझ्याकडेच बघत होती. तिला तिची आई हाक मारत होती, एवढं तिला पुरे होतं.

पोस्टात परदेशाच्या फोनसाठी बाकावर बसायचं असतं. माझ्याआधी एक म्हातारा होता, त्याची पोरं इस्तंबूलला. मागच्या उन्हाळ्यानंतर या शहरात असं घर नाही ज्याचे दोन तुकडे झालेले नाहीत. त्या उन्हाळ्यात सरकारने एकदम पासपोर्ट वाटले आणि म्हटलं, जा, तुर्कस्तानात सहलीला जा. सहल म्हणे! कपाटं, गाद्या, शिवणयंत्रं टपावर बांधून मोस्कविच मोटारींच्या रांगा सीमेकडे लागल्या. शाबानदादा बायकापोरांसह निघाला आणि बाबांना घेऊन गेला. आम्हीही निघणार होतो, पण बेहानची आई खेड्यात अंथरुणाला खिळलेली, तिला सोडवेना. पुढच्या महिन्यात ती गेली, आमचे पासपोर्ट आले, भांडीकुंडी विकून झाली, आणि त्याच आठवड्यात तिकडच्यांनी दार लावून घेतलं. लोक फार झाले, म्हणाले. आम्ही रिकाम्या घरात जमिनीवर बसून दोन उसन्या ताटल्यांत जेवलो. बेहान म्हणाला, "चला, निदान झाडायला सोपं झालं." बेहान असाच आहे.

बाबा निघाले त्या दिवशी बसच्या अड्ड्यावर त्यांनी दाढी केलेली, मिशीला तेल लावलेलं, आणि खिशात कात्री, कारण सामान हरवलं तरी हात रिकामे राहायला नकोत. त्यांनी रालीला उचललं. तिच्या कानाशी तोंड नेलं. मला ते दृश्य नवं नव्हतं. दर भेटीत, निघताना, ते तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचे आणि ती खिदळायची. तेव्हाही खिदळली. मी म्हटलं, "बाबा, आता तरी सांगा." दोन मिलिशियावाले बसला टेकून सूर्यफुलाच्या बिया खात होते. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, रालीकडे बघितलं. ती तेव्हा साडेतीन वर्षांची, पोपटासारखी बोलायची, ऐकलेलं सगळं सगळ्यांना सांगायची. "पलीकडे ये," बाबा म्हणाले. "तिकडे भर चौकात ओरडून सांगेन. पाव आणायला पाठवताना सांगेन, रागावताना सांगेन. तुझे कान किटतील." आणि ते बसमध्ये चढले. खिडकीतून त्यांची मिशी तेवढी दिसत राहिली. मी हात हलवत होते आणि मनात म्हणत होते, काय हट्टी म्हातारा आहे. त्यांना ओढून खाली उतरवायला हवं होतं, त्यांचा कान धरून विचारायला हवं होतं, असं मला तेव्हा मुळीच वाटलं नाही.

नोव्हेंबरात सगळं कोसळलं. टीव्हीवर देशाचा म्हातारा पुढारी राजीनामा देताना असा दिसला, की जणू त्यालाही कुणी यादी पुढे करून दुसरं नाव घ्यायला लावलंय. बेहानने शेजारून रकिया दारूची उसनी बाटली आणली, आम्ही रडलो, हसलो. वर्ष सरता सरता सांगितलं की नावं परत मिळतील. मी त्याच रात्री तार केली: 'बाबा, आता सांगा.' पोस्टातल्या मुलीने विचारलंसुद्धा, एवढंच? उत्तर आलं नाही. जानेवारीत चौकात गर्दी झाली. मला वाटलं, निवडणुकीची असेल. जवळ गेले तर फलकांवर आमच्याच नावांविरुद्ध घोषणा. जन्मात पहिल्यांदा या शहरात लोक न विचारता रस्त्यावर उतरले, आणि उतरले ते आम्हाला नावं परत देऊ नका असं सांगायला. गर्दीत माझी शेजारीण त्स्वेता मावशी होती. हीच मावशी, जिने चार वर्षं माझ्या पोरीला पहाटे दूध गरम करून दिलं. दुसऱ्या दिवशी ती गरम बानित्सा घेऊन दारात उभी. आत येईना, जाईना. शेवटी म्हणाली, "सगळे निघाले म्हणून मी पण गेले गं, नेवेना. चाळीस वर्षं मोर्च्याला गेलो, पायांना सवय झाली." मी ताटली घेतली. रागवायला ताकद नव्हती, कारण त्याच सकाळी दादाचा फोन आला होता. बाबांना झटका आला होता. आठ दिवस इस्पितळात होते आणि गेले.

रालीला मी सांगितलं नाही. देदे, म्हणजे आजोबा, बुर्साला आहेत, एवढंच ती धरून आहे. तसं ते खोटंही नाही.

काचेच्या खोलीत फोन लागला तेव्हा दादा कापडगिरणीतून नुकता आलेला होता. "काय गं, सगळं ठीक?" तो ओरडला. तिकडचे सगळे फोनवर ओरडतात.

"दादा, मुलीचं नाव द्यायचंय. पुन्हा एकदा आठव ना. बाबा कधी काही बोलले? जेवताना, नमाजानंतर, कधीही."

"किती वेळा विचारशील? नाही बोलले. तू आल्यावर बोलणार होते."

"आणि इस्पितळात?"

तारेतून समुद्रासारखा आवाज येत होता. मला वाटलं, फोन तुटला. मी "दादा, दादा" करत राहिले.

"हे बघ," तो अखेर म्हणाला, आणि आता ओरडत नव्हता, "तुला त्रास होईल म्हणून बोललो नव्हतो. शेवटच्या दिवशी मी पाळीवर होतो. नवी नोकरी, सुट्टी कोण देणार? संध्याकाळी गेलो तर ते... नर्स म्हणाली, तुमच्या वडिलांनी दुपारी मला जवळ बोलावलं, कानाशी तोंड आणलं, एका मुलीचं नाव घेतलं. दोनतीनदा घेतलं. मी विचारलं, कुठलं नाव? तर ती म्हणाली, आता ते कसं लक्षात राहील, भाऊ? इथे रोज कुणी ना कुणी कुणाचं ना कुणाचं नाव घेऊनच जातं."

"तू तिला पुन्हा विचारायचं होतंस!"

"विचारलं गं. दुसऱ्या दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशी गेलो. बिचारी डोळे मिटून आठवत बसली माझ्यासमोर. मग तीच रडायला लागली. शेवटी मीच म्हटलं, जाऊ दे, ताई." तो नाक ओढत होता. "नाझमिये, तू आईचं नाव ठेव ना तिला. बाबांनी तेच ठेवलं असणार."

"असणार," मी म्हटलं. पण आईचं नाव बाबांनी तिच्या मागे कधी उच्चारलं नव्हतं. नावं बदलली तेव्हा सरकारने कबरीवरच्या तिच्या नावावरही सिमेंट फासलं होतं. आता मार्चमध्ये बेहान छिन्नी घेऊन गेला, सिमेंट निघालं, पण दगडातली अक्षरंही त्याच्याबरोबर निघून आली. बेहान तो तुकडा रुमालात बांधून घरी घेऊन आला. 'हे बघ, इथे उलटं वाचता येतं,' म्हणाला.

पोस्टातून निघाले ती बालवाडीकडे. काल रात्री बेहान म्हणालाच होता, "आयशे ठेव, फातमा ठेव. कुठलंही चालेल. चार वर्षांच्या पोरीला काय फरक पडतो? सवय होईल." त्याचं चुकतं असं नाही. पण रस्त्याने चालताना मी मनात एकेक नाव घेऊन बघत होते. आयशे, सेविम, गुलसुम, नेरिमान. आणि प्रत्येक नावासरशी मला ते टेबल दिसत होतं, ती सरकवलेली यादी, 'ताई, फुलाचं नाव आहे' म्हणणारं ते पोर. त्याने निदान परक्याला नाव दिलं. मी माझ्याच मुलीच्या कानातल्या नावावर माझ्या हाताने सिमेंट फासायला निघाले होते. आणि न फासावं तर त्यांनी दिलेलं तसंच राहतं. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी भूक लागली. मी कोपऱ्यावर बोझाचा एक पेला प्यायले, दाट, आंबटगोड, उभ्याउभ्याच, आणि पेला हातात घेऊनच चालू लागले, तशी बोझावाली म्हणाली, "बसा हो जरा." तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही, आणि ते मला फार बरं वाटलं.

बालवाडीत बाईंनी अंगणात हाक दिली, "रालीऽऽ! आई आली!" आणि घसरगुंडीवरून माझी मुलगी धावत आली. तिच्या भुवईवरची ती पांढरी रेघ उन्हात चमकली. घरी येईपर्यंत ती बडबडत होती, बल्गेरियनमध्ये. हल्ली मी तिच्याशी रस्त्यातही तुर्की बोलते, मोठ्याने बोलते, आणि ती उत्तर देते ते बल्गेरियनमध्ये. तिला कळतं सगळं. पण जी भाषा आईने चार वर्षं दार लावून कुजबुजली, ती मोठ्याने बोलायची असते हे तिला कसं पटावं?

जेवण झालं. तिने हाताने दह्याची वाटी पुसून खाल्ली. मी भांडी घासायला नळ सोडला. मागे वळून बघितलं तर ती जमिनीवर बसलेली, मांडीत चिंध्यांची बाहुली, आणि तिने बाहुलीच्या कानाला तोंड लावलेलं. ओठ हलत होते. थांबून पुन्हा हलले. मी झटकन नळ बंद केला. खोलीत एकदम शांतता पडली आणि राली तोंड मिटून माझ्याकडे बघत होती.

मी हात न पुसताच तिच्याशेजारी बसले.

"बाहुलीला काय सांगितलंस?"

"नाव."

"कुठलं?"

"सांगायचं नसतं," ती म्हणाली. "देदे म्हणाले, कुणालाच सांगायचं नाही."

या खोलीत, या रिकाम्या घराच्या जमिनीवर, ते नाव इतके दिवस माझ्या हातभर अंतरावर खेळत होतं, जेवत होतं, निजत होतं, आणि मी बुर्साला फोन करत होते. बाबा, तुम्ही म्हणाला होता ना, जपून ठेवलेलं कुठे जातं? मी तिचे दोन्ही हात धरले. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. कुणाला ताप आला नव्हता की कुणी जिन्यावरून पडलं नव्हतं, तरी माझा आवाज फुटला.

"देदे कानात काय सांगायचे गं, माझ्या राणी?"

"त्यांची मिशी टोचायची."

"हो. आणि?"

"आणि मी हसायचे."

"आईला सांगितलं तर चालतं. दिवस बदललेत आता. देदेंनीच सांगितलंय, आईला सांग म्हणून."

ती विचारात पडली. भुवई आकसली, टाक्यांची रेघ वाकडी झाली. "देदे आले की त्यांना विचारते. मग सांगते."

हे खोटं मात्र मला आणखी पुढे रेटता आलं नाही. खोटं बोलून नाव काढून घेणं, हेही मला जमलं असतं, आणि क्षणभर मी तसं करणारही होते. पण बाबांनी दिलेलं नाव बाबांच्याच पोरीने त्यांच्या नातीला फसवून काढायचं, हे मला सहन होईना. मी म्हटलं, "राली, देदे आता येणार नाहीत. देदे वारले." तिने 'वारले' म्हणजे काय असं विचारलं नाही. मांजर मेलं होतं, आजी मेली होती, तिला ठाऊक होतं. तिने बाहुली खाली ठेवली, नीट, उताणी, आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. खाली रस्त्यावरून कर्ण्याची गाडी गेली, स्वातंत्र्य, मत, रविवार असं काहीबाही ओरडत. काच थरथरली.

"मग मी कुणाला विचारू?" ती म्हणाली.

"कुणालाच नको. तुझ्या मनात असेल तर सांग. माझ्या कानात सांग."

मी केस मागे सारले आणि उजवा कान तिच्याकडे केला. ती गुडघ्यांवर उठली, माझ्या गळ्यात हात टाकले. तिच्या अंगाला दह्याचा आणि अंगणातल्या मातीचा वास येत होता. तिने माझ्या कानाला तोंड लावलं आणि मी डोळे मिटले. श्वास रोखला. सबंध शहर, नदी, धुराडं, कर्णा, सगळ्यांनी श्वास रोखला असावा असं वाटलं.

कानात गरम वारा आला. मऊ, दमट, लांब. तो थांबला, मग पुन्हा आला. तिने बाहुलीशी जशी ओठांची हालचाल केली होती तशीच केली, मला कानाच्या पाळीला ओठ लागत होते, पण त्या वाऱ्यात अक्षर नव्हतं, एकही नव्हतं. न्हाणीघराच्या दाराबाहेर मी ऐकलं होतं तेवढंच पुन्हा ऐकू आलं. तिला मिशी आठवत होती, ऊब आठवत होती, किती वेळ आणि किती वेळा ते आठवत होतं. बाकीचं तिच्यातून कधी निघून गेलं हे तिलाही कळलं नव्हतं. तिसऱ्यांदा वारा आला आणि संपला.

ती मागे झाली आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांत बघू लागली. बसच्या अड्ड्यावर बाबांनी तिच्याकडे बघितलं होतं, अगदी तसं.

"ऐकू आलं?"

"आलं," मी म्हटलं.

"छान आहे ना?"

"फार छान आहे गं."

ती हसली. मग तिने बाहुली उचलली, खांद्यावर घेतली आणि मला बजावलं, "आता तू पण कुणाला सांगू नकोस हं, आई."